रस कोरडा पाहिजे: धातूत लपलेल्या वायूंची गोष्ट

कोल्हापूर म्हटलं की लोकांना तांबडा-पांढरा आठवतो, तालीम आठवते, चप्पल आठवते. आज आपण यातल्या कशाकडेच वळणार नाही. आज थेट फौंड्रीत जायचंय. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले आणि शहरातलं आपलं जुनं शिवाजी उद्यमनगर. या पट्ट्यात रोज लोखंड वितळतं आणि त्यातून ट्रॅक्टरचे, मोटारींचे, पंपांचे, व्हॉल्व्हचे भाग ओतले जातात. हा भाग ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरातलं कुणी ना कुणी तिथं शिफ्टला जात असेल. काही जण स्वतः आयटीआय करून नुकतेच लागले असाल.

तुमच्यासाठी आज एक जुनं भांडण सोडवायला घेतलंय. फौंड्रीतून कास्टिंग बाहेर पडलं. घासून, साफ करून बघितलं तर एकदम चकाचक. गाडी भरली, माल मशीन शॉपला गेला. तिथं टूलनं वरचा दोन मिलिमीटरचा थर काढला आणि आतून टाचणीनं टोचल्यासारखी बारीक छिद्रं दिसायला लागली. पिनहोल. माल परत. आणि मग सुरू होतं, "वाळू ओली होती", "मोल्डरनं नीट काम केलं नाही", "पोरिंगवाल्यानं घाई केली". जिथं नगावर मजुरी असते, तिथं परत आलेल्या मालाचा फटका थेट कुणाच्या तरी पगाराला बसतो.

आता प्रश्न असा, की त्या छिद्राचं कारण खरंच मोल्डरकडे होतं का? पुष्कळदा ते कारण साचा भरायच्या आधीच तयार झालेलं असतं. भट्टीत, लेडलमध्ये, स्क्रॅपच्या ढिगात. कारण वायू धातूत विरघळतो. डोळ्यांना दिसत नाही, बुडबुडा येत नाही, रस अगदी शांत दिसतो. आणि गोठताना मात्र तोच वायू बाहेर यायला बघतो. आजची सगळी गोष्ट एवढीच आहे, पण तिच्यात शिकण्यासारखं लई आहे.

सोड्याची बाटली, पण उलटी

आधी एक शब्द. कोल्हापुरात रस म्हटलं की पहिल्यांदा उसाचा रस डोळ्यांसमोर येतो. फौंड्रीत रस म्हणजे वितळलेला धातू. आजच्या भागात रस म्हणजे हा दुसरा, बिडाचा बाराशे-चौदाशे अंशांचा.

पाण्यात साखर विरघळते हे आपण रोज बघतो. पाण्यात वायू विरघळतो हेही रोज बघतो, फक्त लक्षात येत नाही. सोड्याची बंद बाटली बघा. आत कार्बन डायऑक्साइड आहे, पण बुडबुडा नाही. झाकण उघडलं, दाब उतरला, की फसफस सुरू. म्हणजे वायू आतच होता, पाण्यात मिसळून बसला होता.

धातूच्या रसातही असंच होतं. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन हे वायू रसात शिरून बसतात. पण सोड्याशी दोन बाबतीत फरक आहे.

पहिला फरक तापमानाचा. सोडा गरम झाला की जास्त फसफसतो, कारण गरम पाण्यात वायू कमी मावतो. ॲल्युमिनियम, लोखंड, तांबं यांच्यात हायड्रोजनचं उलटं आहे. रस जितका गरम, तितका हायड्रोजन जास्त मावतो. म्हणून रस विनाकारण जास्त तापवला, किंवा तापवून तसाच ठेवला, तर तो आणखी वायू पीत बसतो.

दुसरा फरक मोठा आहे. सोड्यात दाब उतरल्यावर वायू सुटतो. धातूत तो सुटतो गोठताना. रसात वायूला जागा भरपूर असते. धातू घट्ट झाला की अणू आपापल्या जागी शिस्तीत बसतात आणि वायूसाठी उरलेली जागा एकदम कमी होते. जत्रेतली गर्दी एका वडापमध्ये बसवायची म्हटल्यावर काय होईल? थोडे मावतील, बाकीचे बाहेर. धातूत बाहेर जायला वाट नसते, कारण वरचा थर आधीच गोठलेला असतो. मग आतच पोकळी होते.

हुपरीची चांदी काय सांगते

हे सगळ्यात स्पष्ट बघायचं असेल तर लोखंड सोडा आणि चांदीकडे या. आपल्याच जिल्ह्यात हुपरी आहे, चंदेरी नगरी म्हणतात तिला. पैंजण, जोडवी, चांदीचे दागिने यांच्यासाठी हे गाव देशभर ओळखलं जातं.

शुद्ध चांदी वितळली की ती ऑक्सिजन पिते. किती? शुद्ध ऑक्सिजनच्या सान्निध्यात वितळलेली चांदी स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे २० पट ऑक्सिजन आत घेऊ शकते. म्हणजे एक वाटी रसात वीस वाट्या वायू! आणि घट्ट चांदीत जवळजवळ काहीच मावत नाही. त्यामुळे शुद्ध चांदी उघड्या हवेत वितळवून तशीच थंड होऊ दिली, तर वरची साय धरते, आतला ऑक्सिजन ती साय फोडून बाहेर पडतो आणि सोबत चांदीचे थेंबही उडतात. धातूशास्त्रात याला चांदीचं थुंकणं म्हणतात. थंड झाल्यावर वर फोड आणि खड्डे दिसतात.

यावरचा जुना उपाय अगदी साधा आहे. मुशीतल्या रसावर कोळशाची भुकटी पसरायची. कोळसा जळताना ऑक्सिजन खातो, चांदीपर्यंत पोचू देत नाही. टाकणखाराचा थर दिला तरी हवेचा आणि रसाचा संबंध कमी होतो. कोळसा कशासाठी टाकायचा, याचं शास्त्रीय कारण पुस्तकात छापून येण्याच्या कितीतरी आधीपासून चांदी गाळणारे हे करत आलेत.

जोडी फुटते तेव्हा

आता इथं एक गंमत आहे. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, म्हणजे एक पंचमांश. शुद्ध ऑक्सिजनमध्ये चांदी २० पट पिते, तर साध्या हवेत किती पिईल? पटकन उत्तर येतं, एक पंचमांश, म्हणजे चार पट. पण प्रत्यक्षात ती नऊ पटींच्या आसपास पिते. दुपटीहून जास्त. का?

याचं उत्तर आडोल्फ सिव्हर्ट्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाच्या नियमात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यानं वेगवेगळ्या धातूंत वायू किती मावतो हे मोजलं. नियम असा: विरघळलेला वायू हा दाबाच्या प्रमाणात नाही, तर दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ०.२१ चं वर्गमूळ सुमारे ०.४६. वीस गुणिले ०.४६, म्हणजे नऊच्या जरा वर. जुळलं हिशेबाला.

वर्गमूळ हा शब्द ऐकून घाबरू नका, यामागं अगदी घरगुती कारण आहे. हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन हे हवेत कायम जोडीनं फिरतात. दोन अणू हातात हात घालून. पाण्यात विरघळताना ही जोडी तशीच राहते. धातूच्या रसात मात्र जोडीला प्रवेश नाही. दारातच जोडी फुटते आणि एकेकटा अणू आत जातो.

आत जायला एक जोडी दारात आली की झालं. बाहेर पडताना मात्र दोन अणूंना एकमेकांना शोधावं लागतं, कारण वायू होऊन निघायचं तर जोडीनंच. रसातले अणू निम्मे झाले, तर अशा गाठीभेटी निम्म्या होत नाहीत, एक चतुर्थांश होतात. म्हणून हिशेबात वर्ग येतो, आणि उलट्या बाजूनं वर्गमूळ.

याचा अर्थ फौंड्रीवाल्यांसाठी काय? वायंगी बातमी आहे. रसाभोवती हायड्रोजन अगदी थोडा असला तरी आत जाणारा वायू तितका थोडा नसतो. आणि आत गेलेला काढायचा म्हटलं तर कष्टही जास्त. रसातला वायू एक दशांश करायचा असेल, तर बाहेरचा दाब एक दशांश करून भागत नाही, शंभराव्या हिश्शावर आणावा लागतो.

ॲल्युमिनियमचा हिशेब

कोल्हापुरात मुख्य काम बिडाचं, म्हणजे कास्ट आयर्नचं. पण ॲल्युमिनियमचा हिशेब सगळ्यात सोपा, म्हणून तो आधी घेऊ.

ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. त्या तापमानाला १०० ग्रॅम रसात सुमारे ०.६९ घन सेंटिमीटर हायड्रोजन मावतो. घट्ट झालं की फक्त ०.०३६. जवळपास १९ पटींचा फरक. उरलेला वायू, म्हणजे साधारण ०.६५ घन सेंटिमीटर, आता बेघर झाला.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण ही मापं शून्य अंशाला मोजलेल्या वायूची आहेत. ६६० अंशांना तोच वायू सुमारे साडेतीन पट फुगतो, म्हणजे सव्वादोन घन सेंटिमीटरच्या आसपास. आणि १०० ग्रॅम ॲल्युमिनियमचं आकारमान त्या वेळी चाळीस घन सेंटिमीटरच्या आतबाहेर. म्हणजे पूर्ण भरलेला रस असेल आणि सगळा वायू आतच अडकला, तर कास्टिंगचा पाच टक्क्यांहून जास्त भाग नुसती पोकळी! वजनाला माल बरोबर वाटतो, आतून स्पंज.

हा हायड्रोजन येतो कुठून? हवेत हायड्रोजन वायू जवळजवळ नसतोच. तो येतो पाण्यातून. ॲल्युमिनियमला ऑक्सिजनची एवढी ओढ आहे, की पाण्याची वाफ रसाला भेटली की ॲल्युमिनियम तिच्यातला ऑक्सिजन ओढून घेतं, आणि सुटा झालेला हायड्रोजन तिथल्या तिथं रसात शिरतो.

आता आपला पावसाळा आठवा. गगनबावड्याकडून ढग येतात, आठवडा-आठवडा ऊन नाही, कपडे वाळत नाहीत. २५ अंशांच्या हवेत ९० टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटरमागं सुमारे २० ग्रॅम पाणी असतं. त्याच तापमानाला आर्द्रता ३० टक्के असेल तर सुमारे ७ ग्रॅम. म्हणजे पावसाळ्यात हवेत तिप्पट पाणी. बाकी सगळं तेच धरलं, तर सिव्हर्ट्सच्या नियमानं रसात मावणारा हायड्रोजन तिपटीच्या वर्गमुळानं, सुमारे पावणेदोन पट होतो. "पावसाळ्यात रिजेक्शन वाढतं" असं जुनी माणसं म्हणतात, ते नुसतं म्हणणं नाही.

बिडात काय होतं

आता बिडाकडे. लोखंडातही हायड्रोजनची तीच तऱ्हा, आणि इथंही मूळ पाण्यातच. ओलं किंवा गंजलेलं स्क्रॅप, गंजात पाणी धरून बसलेलं असतं. नवं अस्तर लावलेली आणि नीट न सुकवलेली लेडल. साच्यातली ओली वाळू.

"पण ग्रीन सँडमध्ये पाणी लागतंच की!" बरोबर. बेंटोनाइटला पकड यायला पाणी लागतंच, साधारण तीन-चार टक्के. साच्यात पाणी आहे म्हणून दर वेळी पिनहोल होत नाहीत. मग कधी होतात? रसात थोडंसं ॲल्युमिनियम मिसळलं असेल तेव्हा धोका खूप वाढतो. अगदी ०.०१ टक्क्यापासून पुढे, म्हणजे शंभर किलोत दहा ग्रॅम. आत्ताच सांगितलं तेच इथं घडतं: ॲल्युमिनियम साच्यातल्या वाफेला फोडतं आणि हायड्रोजन कास्टिंगच्या कातडीखाली जाऊन बसतो. हे ॲल्युमिनियम येतं स्क्रॅपमधल्या तुकड्यांतून, किंवा इनॉक्युलंट म्हणून टाकलेल्या फेरोसिलिकॉनमधून.

आता बघा, वाळूतलं पाणी रोजच्याइतकंच होतं. मोल्डरनं रोजच्यासारखाच साचा भरला. फरक स्क्रॅपमध्ये होता. पण दोष कुणाच्या नावावर लागला?

नायट्रोजन: पोत्यातून येणारा पाहुणा

दुसरा वायू नायट्रोजन. हवेचा ७८ टक्के भाग तोच. १६०० अंशांच्या शुद्ध लोखंडाच्या रसात तो सुमारे ४५० पीपीएम मावतो. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, एका टनात एक ग्रॅम. रसात कार्बन आणि सिलिकॉन वाढलं की नायट्रोजनची जागा कमी होते, आणि बिडात ही दोन्ही भरपूर. त्यामुळे बिडात नायट्रोजन लवकर जास्त होतो. थोडा नायट्रोजन बिडाची ताकद वाढवतो, तो वाईटच असं नाही. पण ८० ते १०० पीपीएमच्या पुढे गेला की जाड भागात भेगेसारख्या लांबट पोकळ्या पडायला लागतात.

पूर्वी क्युपोलात पिग आयर्न आणि कोक वापरून बीड करायचे. इंडक्शन भट्टी आली तसं स्टील स्क्रॅपचं प्रमाण वाढलं. स्टीलमध्ये कार्बन कमी, म्हणून वरून कार्बन टाकावा लागतो, पोत्यातून येणारा कार्बुरायझर. हा कार्बुरायझर कोणत्या दर्जाचा, यावर पुढचं सगळं अवलंबून.

एक हिशेब करू. आकडे उदाहरणाचे आहेत, पण आवाक्यातले आहेत. पाचशे किलोची हीट. तिच्यात दोन टक्के, म्हणजे १० किलो कार्बुरायझर टाकला. तो स्वस्तातला, कच्च्या पेट्रोलियम कोकचा, आणि त्यात ०.८ टक्के नायट्रोजन आहे असं धरा. १० किलोत ८० ग्रॅम नायट्रोजन. पाचशे किलोत ८० ग्रॅम म्हणजे १६० पीपीएम. त्यातला निम्माच रसात गेला तरी ८० पीपीएम झाले. स्टील स्क्रॅपसोबत आलेला नायट्रोजन वेगळाच. म्हणजे साचा भरायच्या आधीच आपण धोक्याच्या रेषेवर उभे.

तोच कार्बुरायझर उच्च तापमानाला भाजून ग्राफाइट केलेला असेल आणि त्यात ०.०५ टक्के नायट्रोजन असेल, तर पोत्यातून येतात फक्त ५ ग्रॅम. निम्मा रसात गेला तर ५ पीपीएम. एवढा फरक. किलोमागं काही रुपये वाचवले आणि परत आलेल्या मालात ते घालवले, असा हा सौदा.

कोअरमधून येणारा नायट्रोजनही विसरू नका. काही रेझिनमध्ये युरिया असतो. रस कोअरला लागला की रेझिन जळतं आणि नायट्रोजन तिथल्या तिथं रसात जातो. नायट्रोजनला बांधायला टायटॅनियम टाकतात, त्याचं नायट्राइड होतं आणि वायू अडकून पडतो. पण ते कण फार कठीण असतात. मशीन शॉपमधलं टूल लवकर बसतं, मग तिकडून तक्रार.

छिद्र वाचायला शिका

तर मग भांडण सोडवायचं कसं? छिद्र नीट बघून. भिंग घ्या, किंवा मोबाईलचा कॅमेरा झूम करा.

कातडीच्या जरा खाली, एक ते तीन मिलिमीटरची, गोल, आतून चकचकीत आणि पसरलेली छिद्रं असतील, तर आधी हायड्रोजनचा संशय घ्या. लांबट, भेगेसारखी, पृष्ठभागाला काटकोनात उभी, जाड भागात किंवा रेझिन कोअरच्या जवळ असतील, तर नायट्रोजनचा. आतून खडबडीत, नेच्याच्या पानासारखी नक्षी असेल, तर तो बहुतेक वायू नाहीच. ते श्रिंकेज, रस आकसताना मागून भरायला कमी पडला. तिथं रायझर बघा. मोठी, गुळगुळीत भिंतींची, एखाद-दुसरीच पोकळी असेल, तर साच्यातली किंवा कोअरमधली हवा बाहेर पडू शकली नाही, रसात विरघळलेला वायू नव्हे. आणि छिद्राशेजारी स्लॅगचे कण दिसले, माल वरच्या अंगाला खराब असेल, तर रस थंड ओतला गेला का ते तपासा.

मग नमुना बघा. एकाच हीटमधले सगळ्या प्रकारचे कास्टिंग खराब आहेत? भट्टीकडे आणि चार्जकडे बघा. एकाच पॅटर्नचे किंवा एकाच कोअरचे खराब आहेत? साच्याकडे बघा. लेडल नवीन अस्तराची आणि पहिले चार-पाच बॉक्सच खराब? लेडल ओली होती. असं तीन प्रश्नांत निम्मं भांडण मिटतं.

हे एका दिवसात जमत नाही, नोंद लागते. हीट नंबर, स्क्रॅपची गाडी कोणती, कार्बुरायझरचं पोतं कोणत्या लॉटचं, लेडलचं अस्तर कधी लावलं, वाळूतलं पाणी किती, बाहेर पाऊस होता का. खराब नगाचा फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा आणि हीट नंबर लिहिलेला कागद ठेवा. दोन महिन्यांनी हे फोटो एकत्र बघितले, की कोण बोलतंय यापेक्षा छिद्र काय बोलतंय ते ऐकू यायला लागतं. नव्या पोरांनी हे करावं असं मी मुद्दाम सांगतोय, कारण "साहेब, सगळे नग एकाच हीटचे आहेत" असं पुराव्यानिशी सांगता आलं, तर मोल्डरवरचा आळ तिथंच थांबतो.

वायू काढायचा कसा

आत गेलेला वायू काढता येतो का? येतो. ॲल्युमिनियममध्ये फिरत्या दांड्यातून आरगॉन किंवा कोरडा नायट्रोजन रसात बारीक बुडबुड्यांनी सोडतात. नायट्रोजन ॲल्युमिनियमच्या रसात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून तो चालतो. त्या बुडबुड्यात हायड्रोजन नसतो, त्यामुळे आजूबाजूचे हायड्रोजनचे अणू बुडबुड्यात शिरून जोडी जमवतात आणि त्याच्यासोबत वर येतात. रिकामी एसटी स्टँडवर लागली की माणसं जशी आत शिरतात, तसंच. काही ठिकाणी अजून क्लोरीन सोडणाऱ्या गोळ्या टाकतात. काम होतं, पण त्यातून येणारा धूर फुफ्फुसांना वाईट. आपल्याकडे त्या वापरत असतील, तर धूर ओढून घेणारी सोय मागा, तो तुमचा हक्क आहे.

ॲल्युमिनियमची तपासणीही सोपी आहे. छोट्या वाटीत थोडा रस घ्यायचा आणि हवा काढून घेतलेल्या डब्यात तो गोठू द्यायचा. कमी दाबात वायू फुगतो, नमुना कापला की स्पंज लगेच दिसतो. ओतायच्या आधी कळतं, मशीन शॉपची वाट बघावी लागत नाही.

पोलादात काम आणखी काटेकोर. रेल्वेच्या रुळांसाठी लागणाऱ्या पोलादात हायड्रोजन दोन पीपीएमच्या आत ठेवावा लागतो, म्हणजे एका टनात दोन ग्रॅमपेक्षा कमी. त्याच्यावर गेला तर रूळ थंड झाल्यावर आत केसाएवढ्या चिरा पडतात, आणि त्यावरून रेल्वे धावायची असते. म्हणून मोठे कारखाने रस निर्वात टाकीत फिरवतात. इथं सिव्हर्ट्स पुन्हा भेटतो. दाब हजाराव्या हिश्शावर आणला, तर हायड्रोजन हजाराव्या हिश्शावर येत नाही, साधारण बत्तिसाव्या हिश्शावर येतो. १६०० अंशांच्या रसात २५ पीपीएम मावत असतील, तर अशा टाकीत एकाच्या खाली येतात. काम भागतं, पण केवढ्या यंत्रणेनं!

आपल्या पन्नास माणसांच्या फौंड्रीत निर्वात टाकी कुठून आणणार? म्हणून आपल्यासाठी खरा उपाय एकच, वायू आत जाऊच द्यायचा नाही. स्क्रॅप छपराखाली ठेवा. गंजलेलं आणि तेलकट बाजूला काढा, ॲल्युमिनियमचे तुकडे वेचा. लेडल लाल होईपर्यंत तापवा. नवं अस्तर असेल तर पहिला रस बिनमहत्त्वाच्या मालाला द्या. रस लागेल तेवढाच तापवा, तयार झाला की ओता. कार्बुरायझरच्या पोत्यासोबत नायट्रोजनचा दाखला मागा.

आणि एक गोष्ट जिवाची. ओलं स्क्रॅप रसात टाकलं तर वायू विरघळण्याची वाट बघत बसत नाही. रसाखाली अडकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. रस उसळतो. अंगावर उडतो. तेव्हा पावसाळ्यात चार्जिंग करताना स्क्रॅप सुकं आहे का बघितल्याशिवाय हात लावू नका, आणि फेस शील्ड गरम होतं म्हणून काढून ठेवू नका. रिजेक्शन परत ओतता येतं. डोळा नाही येत.

तर मंडळी, फौंड्रीत लागलेल्या तुमच्या मित्राला हा भाग पाठवा. तुमच्या शॉपमध्ये पावसाळ्यात नेमका कोणता माल जास्त परत येतो, छिद्रं कशी दिसतात, ते आम्हाला व्हॉइस नोट करून सांगा. कंपनीचं नाव नको, छिद्राचं वर्णन पाहिजे. पुढच्या भागात वाळूबद्दल बोलू: तीच वाळू पुन्हा पुन्हा वापरल्यावर तिचं काय होतं, आणि ती टाकायची कुठं. तोवर, काळजी घ्या. भेटूच.